आजपर्यंतचं उत्तर

दातारबाई पाणी आधी बघत आणि मग पीत. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत जुन्या रुमालात गुंडाळलेला काचेचा ग्लास असे. कुणाच्या घरी स्टीलच्या पेल्यातून पाणी आलं, की त्या ते आपल्या ग्लासात ओतून घेत, उजेडाकडे धरीत आणि म्हणत, "दिसतंय स्वच्छ." एवढं बोलून त्या थांबत. समोरच्यानं "पण?" असं विचारावं, अशी त्यांची अपेक्षा असे. कुणी विचारलं नाही, तर स्वतःच पुढे बोलत, "दिसणं हा एक प्रश्न आणि असणं हा दुसरा."

या सवयीनं त्यांनी बरीच घरं दुखावली. कडावच्या बाजूला एका विद्यार्थ्याकडे आम्ही गेलो होतो, तेव्हा त्याची आजी ग्लास बघताच ओसरीवरून उठली. "आमच्या भांड्यातलं नाय चालत गं बाय तुला? सोवळं पिशवीत घालून फिरतेस?" बाई इतक्या ओशाळल्या, की त्यांनी ग्लास परत पिशवीत टाकला, आजीच्या हातातला तांब्या घेतला आणि तो सगळा पिऊन टाकला. त्यानंतर आठवडाभर त्या अंथरुणावर होत्या. शाळेत परत आल्या तेव्हा वर्गात हसत म्हणाल्या, "मी ग्लास का बाळगते ते आजींना आधी नीट सांगायला हवं होतं. मला पाण्याबद्दल बोलता येतं, माणसांशी बोलता येत नाही. प्रयोग फसला तो तिथे."

वर्गातली मुलं हसली. मीही हसलो. तेव्हा ते वाक्य विनोदाचं वाटलं होतं.

कर्जतच्या त्या शाळेत मी त्यांचा कनिष्ठ सहकारी होतो. विज्ञानच शिकवत होतो. मी मवाळ बोलतो असं लोक म्हणतात, आणि गुण म्हणून म्हणतात. बाईंची आठवण झाली की त्या गुणाकडे मला सरळ नजरेनं पाहवत नाही. पण हे लिखाण माझ्याबद्दल नाही.

बाईंचं लहानपण भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलं. डोंगरावरून उतरणारे पाण्याचे अजस्र नळ हेच त्यांचं पहिलं पाठ्यपुस्तक. दर वर्षी त्या मुलांना तिकडे नेत आणि रस्त्यावरून नळांकडे बोट दाखवून विचारीत, "वरचा पत्रा जाड असेल की खालचा? आधी अंदाज, मग हात वर. बघ्यांना इथे जागा नाही." मुलं हात वर करीत. कुणी म्हणे वरचा, कारण तिथून पाणी आत घुसतं. मग बाई सांगत, की नळात जेवढं पाणी डोक्यावर उभं, तेवढा दाब जास्त. म्हणून पायथ्याशी पत्रा जाड. चुकलेल्या मुलाच्या पाठीवर त्या आवर्जून हात ठेवीत. "तू अंदाज केलास म्हणून तुला चुकता आलं. गप्प बसलेल्याला ते सुख नाही."

फळ्यावर कोणताही नियम लिहून झाला, की त्याखाली रेघ मारून त्या म्हणत, "हे आजपर्यंतचं उत्तर." उद्या कुणी जास्त चांगलं पुराव्यानिशी दाखवलं, तर आपण ते पुसू, असा त्याचा अर्थ. आमच्या शाळेत ते वाक्य इतकं मुरलं होतं, की तपासणीला आलेल्या एका साहेबांनी सहज विचारलं, "काय रे, पृथ्वी सूर्याभोवती फिरते ना?" आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आजपर्यंत तरी, सर."

साहेब भडकले. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "साहेबांचा राग चुकीचा नाही हो. काही गोष्टी इतक्या वेळा तपासून झाल्यात, की त्यांवर डोळे मिटून चालावं. काही अजून कच्च्या आहेत. मी सगळ्यांखाली एकच रेघ मारते. कशावर किती विसंबायचं, हे शिकवायला मी कमी पडतेय."

ही खंत त्यांना फार आधीपासून होती. ती त्यांच्याच पुढे येऊन अशी उभी राहील, हे मात्र आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी बाई गावोगाव जाऊन विज्ञानाची व्याख्यानं देत. कडावच्या पुढे एका गावात (नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथे राहतात) त्यांनी एकदा राबावर टीका केली. भाताचं बी टाकायच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून उन्हाळ्यात तो जाळायचा, या आमच्याकडच्या जुन्या पद्धतीला राब म्हणतात. बाईंचं म्हणणं असं, की जाळण्यानं मातीतला जीव मरतो आणि कस जातो. समोर काशिनाथदादा बसला होता. गावातला मोठा भातशेतकरी, धिप्पाड, बोलायला तिखट. त्याच्या होकाराशिवाय गावात मांडव पडत नसे.

"बाई, फळ्यावर भात पिकत नाय," तो म्हणाला. "करून बगा."

"करू," बाई म्हणाल्या. "जागा तुम्ही द्याल?"

त्यानं शेजारशेजारचे दोन वाफे दिले. एकावर राब भाजला, दुसऱ्यावर नुसतं शेणखत. बी एकच, पाऊस एकच. त्या वर्षी गावाला दुसरी करमणूक नव्हती. येणारा जाणारा बांधावर थांबून म्हणे, "बाईचा वाफा बग रं, निसतं गवात!" आणि ते खरं होतं. बाईंच्या वाफ्यात तणानं रोपांना गिळलं होतं. राबाच्या वाफ्यात रोपं दाट, हिरवीगार उभी होती.

बाईंनी गाव बांधावर बोलावला. पायात चिखल, हातात उपटलेलं तण. "माझा अंदाज चुकला," त्या खणखणीत म्हणाल्या. "राबाच्या धगीनं वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. राखेतून रोपांना खत मिळतं. जमीन तापली की भूमाता खूश होते, हे तुमचं कारण मला पटत नाही. पण राबानं रोपं चांगली येतात, हे तुमचं म्हणणं बरोबर ठरलं. फांद्यांसाठी डोंगर बोडका होतो, त्याचं काय करायचं ते वेगळं बोलू. हे आजपर्यंतचं उत्तर."

"बाई हारल्या रं!" काशिनाथदादा ओरडला, आणि टाळ्या पडल्या. मनानं तो उमदा होता. भात झोडून झाल्यावर त्यानं बाईंच्या घरी नव्या तांदळाची पिशवी पोचवली.

परतताना मिनिडोर रिक्षात बाई लहान मुलीसारख्या खुलल्या होत्या. "आज गावानं विज्ञान पाहिलं," त्या म्हणाल्या. "एकाचं चुकलं, पुराव्यानं ते दाखवलं, आणि चुकलेल्यानं ते चारचौघांत मान्य केलं. याहून निराळं विज्ञान नसतं."

गावानं काय पाहिलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. गावानं पाहिलं ते एवढंच, की बाई चुकतात.

पुढे बाई निवृत्त झाल्या. काशिनाथदादानं गावावरच्या उतारावरची जमीन विकली आणि तिथे शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांचे बंगले उठले. बंगल्यांच्या संडासांचं पाणी शोषखड्ड्यांत सोडलेलं होतं. खड्डे वर, गावाची पिण्याची विहीर खाली. त्या दोहोंचा संबंध पहिल्यांदा जोडला तो मनीषानं. ही काशिनाथदादाची सून. लग्नाआधी आमच्याच शाळेतली, अंदाज करून सर्वांत जास्त वेळा चुकणारी आणि त्याचं काही न वाटणारी मुलगी. कर्जतच्या बाजारात तिनं बाईंना गाठलं. "बाई, दिसतंय स्वच्छ," ती म्हणाली आणि थांबली.

बाईंचा चेहरा उजळला. "पण?"

"पण खड्डे वर आहेत ना. घरात मी बोलले तर मामंजी म्हणाले, जमीन गाळून घेते सगळं."

बाईंनी ग्रामसभेत वेळ मागून घेतला. बूड कापलेल्या दोन मोठ्या बाटल्या त्यांनी टेबलावर उलट्या टांगल्या. एकीत बारीक वाळू, दुसरीत फोडलेल्या काळ्या दगडाची खडी. दोन्हींत गढूळ पाणी ओतलं. वाळूतून पाणी थेंब थेंब, निवळून आलं. खडीतून पाणी जसं ओतलं तसं खाली पडलं. "जमीन गाळते हे खरं," त्या म्हणाल्या. "पण कुठली जमीन? नदीकाठची वाळू गाळेल. आपल्या पायाखाली हातभर माती आणि मग कातळ. कातळाला भेगा आहेत. भेग म्हणजे गाळणी नव्हे, भेग म्हणजे नळ."

काशिनाथदादा उठला. "म्हंजे बंगल्यांची घाण आमी पितो, असं म्हणायचंय तुमाला?"

"शक्यता मोठी आहे."

"शक्यता नको. शंबर टक्के सांगा."

"शंभर टक्के आज नाही सांगता येणार. तपासून बघू. तोवर पाणी उकळून प्या."

"राबासारकंच ना बाई? आज असं, उद्या तसं?" सभा हसली. मग तो माझ्याकडे वळला. "काय सर, तुमचं काय मत?" तपासायला हरकत नसावी, असं काहीतरी मी बोललो. माझ्या बोलण्यानं सभेत कसलाच फरक पडला नाही.

मग बाईंनी तो रंग आणला. भूगर्भातल्या पाण्याची वाट शोधायला जगभर वापरतात, डोळ्यांचे डॉक्टरही तपासताना डोळ्यात घालतात, असा निरुपद्रवी रंग. पाण्यात विरघळला की पिवळट हिरवा चमकतो. उन्हात विटतो, अंधारात टिकतो. पुरावा सर्वांसमोर व्हावा हा त्यांचा हट्ट. भातकापणी उरकल्यावर अख्ख्या गावाला नेऊन, सरपंचांच्या परवानगीनं, त्यांनी वरच्या शोषखड्ड्यात तो रंग ओतला. "वाट असेल, तर होळीच्या आत विहिरीत दिसेल असा माझा अंदाज आहे."

होळी झाली. रंग दिसला नाही. विहिरीचं पाणी तपासून आणलं, तेही चांगलं निघालं. बाई पुन्हा गावापुढे उभ्या राहिल्या. "माझा अंदाज चुकला. रंग आला नाही, याचा अर्थ वाट नाही असा होत नाही. उन्हाळ्यात भेगा कोरड्या असतात, पाऊस लागला की भरतील. तेव्हा पुन्हा बघू. तोवर..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. "अंदाज चुकला" एवढ्या दोन शब्दांवर सभा उठली. पोरं त्यांच्या मागून ओरडत गेली, "आजपर्यंतचं उत्तर! आजपर्यंतचं उत्तर!"

घरी मनीषा पाणी उकळत होती. तिला दिवस गेले होते. सासू म्हणाली, "बाईच चुकली म्हनते, मग तू सिलिंडर का जाळतेस गं?" तरी ती उकळत राहिली.

आषाढात ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिचा फोन आला. "बाई, ऊन पडलं की बादलीतलं पाणी हिरवं चमकतंय."

आम्ही गेलो. विहिरीवर सूर्य आला तेव्हा पाण्याच्या पोटात पोपटी झाक स्पष्ट दिसत होती. बाईंना आनंद झाला नाही. त्या बांधाबांधानं धावत सुटल्या. गाव चिखलात वाकलेला. "पिऊ नका! वाट सापडली, पाणी पिऊ नका!" माणसं कमरेवर हात ठेवून सरळ होत, ऐकत, पुन्हा वाकत. "आवणी होऊ दे," काशिनाथदादा म्हणाला. "मग खड्ड्यांचं बघू."

आवणी होईपर्यंत रंग धुऊन गेला. गावानं सुस्कारा टाकला. "रंग गेला, पाणी निवळलं." बाई दारोदार सांगत फिरल्या, "रंग मी एकदाच टाकला होता. खड्ड्यात बाकीचं रोज पडतंय." त्या वाक्यात सगळं होतं, पण ते समजून घ्यायला क्षणभर थांबावं लागतं, आणि कुणी थांबलं नाही. मनीषाच्या सासूनंही आता निर्वाणीचं सांगितलं, की पाणी बघ, काचेसारखं झालंय. नखरे बंद कर. पोरीनं घरात वाद नको म्हणून उकळणं सोडलं.

श्रावणात कावीळ आली. घाणेरड्या पाण्यातून येणारी एक कावीळ अशी असते, की धडधाकट माणूस काही आठवड्यांत उठतो आणि गरोदर बाई मात्र हाती लागत नाही. गावातले बाकीचे हळूहळू उठले. मनीषा शहरातल्या इस्पितळातून परत आली नाही. मूलही नाही.

आम्ही भेटायला गेलो ते चुकीच्या दिवशी, की योग्य दिवशी, हे मला आजही ठरवता येत नाही. देवळाच्या ओट्यावर माणसं जमलेली. बाई दिसताच एक म्हातारी किंचाळली, "पिवळा रंग टाकला हिनं इहिरीत! पिवळा रंग टाकला, माणसं पिवळी झाली!" सगळ्यांच्या मनात ते आधीच शिजलेलं असावं, कारण कुणी चकित झालं नाही. ज्या रंगानं विहिरीची वाट दाखवली, तोच आता आरोपी होता. डोळे पिवळे, लघवी पिवळी, रंग पिवळा. यापुढे भेगा, कातळ, खडीची बाटली यांचा काय पाड लागणार?

काशिनाथदादा खांबाला टेकून बसला होता. त्याचं अंग निम्मं झालं होतं. त्यानं हातानंच सगळ्यांना गप्प केलं.

"बाई, माजी सून तुमच्या रंगानं गेली नाय, असं शंबर टक्के सांगा."

बाईंनी पदर सावरला. आयुष्यभर जो शब्द टाळला, तो त्यांनी उच्चारला. "शंभर टक्के. रंगानं नाही. पाण्यातल्या घाणीनं."

काशिनाथदादानं आवाज चढवला नाही.

"आता बरं आलं शंबर टक्के तोंडात. सभेत मी त्येच मागत होतो, बाई. तवा का नाय आलं? तवा बोलला असतात, तर मी माज्या हातानं चूल पेटवून पानी उकळलं असतं."

हे न्याय्य नव्हतं. उकळून प्या, हे बाईंनी त्याच सभेत सांगितलं होतं. हसला होता तो स्वतः. खड्डे त्याच्या विकलेल्या जमिनीत होते. हे सगळं तिथे बोलण्यासारखं होतं आणि मी ते मनात जुळवतही होतो. पण बाईंनी मान खाली घातली होती. त्यांच्या डोक्यात त्या क्षणी न्याय-अन्याय नव्हता. प्रश्न होता, आणि प्रश्न बिनतोड होता. त्यांच्याकडे त्याचं आजपर्यंतचंसुद्धा उत्तर नव्हतं.

रिक्षात त्या एकदाच बोलल्या. "तेव्हा मला शंभर टक्के माहीत नव्हतं हो. माहीत नसताना म्हणायला हवं होतं का?"

मी शिक्षक आहे. मी पावसाबद्दल काहीतरी बोललो.

नंतर गावाला टँकर सुरू झाला. बंगल्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवली. शोषखड्डे होते तिथेच राहिले. विहिरीवर मात्र लोखंडी जाळी बसली, कुलूप लागलं. बाईंनी पुन्हा काही टाकू नये म्हणून.

बाईंनी व्याख्यानं बंद केली. बाजारात भेटत, खुशाली विचारीत. एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं मुद्दाम काही विचारलं, की "पुस्तकात असेल ते बरोबर" म्हणून पुढे जात. पिशवी खांद्याला असे. ग्लास असे की नाही, कुणास ठाऊक.

मी बदलून खोपोलीकडच्या एका शाळेत आलो, मुख्याध्यापक झालो. साजगावच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं आमच्याकडे जास्त. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला पाहुण्या म्हणून बाईंनी यावं, असा आग्रह मी धरला. त्यांना बरं वाटेल, अशी माझी समजूत. त्या आल्या. खूप वाळल्या होत्या. एकेका टेबलापाशी थांबून "छान, छान" म्हणत होत्या. एकालाही त्यांनी प्रश्न विचारला नाही.

शेवटच्या टेबलावर सातवीतल्या एका मुलीनं पाणी गाळायचं मॉडेल मांडलं होतं. बूड कापलेली बाटली, वाळू, कोळसा, खडी. मला ते आधी बघायला हवं होतं. मुलीनं धिटाईनं गढूळ पाणी वरून ओतलं, खालून आलेलं निवळ पाणी काचेच्या ग्लासात धरलं आणि बाईंच्या हातात दिलं. "बाई, हे पाणी आता शुद्ध झालं ना?"

बाईंचा हात आपोआप वर गेला. ग्लास खिडकीच्या उजेडात आला. "दिसतंय स्वच्छ," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्या थांबण्यात माझं अर्धं आयुष्य होतं. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इथे "पण?" विचारायचं असतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"शुद्ध आहे," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के."

टाळ्या कडाडल्या. सगळ्या पालकांनी वाजवल्या. बाईंनी एकवार टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, मग ग्लास ओठांना न लावता टेबलाच्या कडेला, फुलदाणीच्या मागे ठेवला, आणि दाराकडे चालू लागल्या. मी रिक्षापर्यंत गेलो. त्यांनी मला नमस्कार केला आणि मागे वळून पाहिलं नाही. कापडी पिशवी मांडीवर घेऊन त्या सरळ बसल्या होत्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मी तडक त्या टेबलाशी परत आलो. फुलदाणीमागचा ग्लास मुलीनं उचलून हातात घेतला होता.

"बाळ," मी म्हणालो, "हे पाणी स्वच्छ दिसतंय, पण पिऊ नकोस. गाळलं तरी त्यात रोगाचे जंतू राहू शकतात. उकळल्याशिवाय..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखाच हळू बोलत होतो.

"पण सर," ती म्हणाली, "बाई तर शंभर टक्के म्हणाल्या."